अतिहलकं खाजगी जेट: मालक पुढे बसणार की मागे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरला कुटुंबाची फाउंड्री आहे. ग्राहक अहमदाबाद आणि चेन्नईला, अधूनमधून दिल्लीला. जायचं असतं दोघा-चौघांना, आणि एका बैठकीपायी दोन दिवस मोडतात. अशा कामासाठी चार-पाच आसनांचं अतिहलकं जेट घ्यावं का? आणि विमान एवढं लहान असूनही नवं घ्यायला कोट्यवधी रुपये का मोजावे लागतात?

मी बरीच वर्षं बिझनेस जेट उडवली. नंतर चार्टर कंपन्यांसाठी कोणतं विमान कुठल्या धावपट्टीवरून किती भार नेऊ शकेल, याचे हिशेब करून देण्याचं काम केलं. त्यामुळे आधी निकाल सांगतो आणि मग कारणं. ही विमानं मालकानं स्वतः डाव्या खुर्चीत बसून उडवावीत, या गृहीतावर बनलेली आहेत. तुम्ही स्वतः पायलट असाल आणि नियमित उड्डाण करण्याची तयारी असेल, तर ती सुंदर यंत्रं आहेत. तुम्ही मागे बसणार आणि पुढे दोन पगारी पायलट असणार, तर तुम्ही सांगितलेल्या कामासाठी जेटचा नाद सोडा आणि टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनानं पंखा फिरवणारं विमान, बघा.

'व्हेरी लाइट जेट' (अतिहलकं जेट) या नावाला कायद्यात नेमकी व्याख्या नाही. व्यवसायात साधारण 4,500 किलोच्या आसपास किंवा त्याखाली कमाल वजन असलेलं, एकट्या पायलटला उडवण्याची मान्यता असलेलं जेट असा त्याचा अर्थ घेतात. एक्लिप्स 500, सेसना सायटेशन मस्टँग, एम्ब्राएर फेनॉम 100, होंडाजेट आणि एका इंजिनाचं सिरस व्हिजन जेट ही त्यातली मुख्य नावं. फेनॉम आणि होंडाजेट या वजनाच्या थोडी वर जातात, पण घराणं तेच.

किमतीचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर एक्लिप्सच्या इतिहासातच आहे. व्हर्न रेबर्न यांनी 1998 साली ही कंपनी काढली आणि अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला कारखाना उभारला. दहा लाख डॉलरच्या आत दोन इंजिनांचं जेट, असं त्यांचं वचन होतं. सुरुवातीची जाहीर किंमत 8,37,500 डॉलर होती. हे वचन दोन गोष्टींवर टेकलेलं होतं: एक अत्यंत हलकं, स्वस्त इंजिन, आणि वर्षाला शेकड्यांनी विमानं खपण्याची खात्री. इंजिन विल्यम्स कंपनीचं होतं, ईजे22 नावाचं. 1990 च्या दशकात नासाच्या मदतीनं झालेल्या छोट्या टर्बोफॅनच्या, म्हणजे पुढे पंखा असलेल्या जेट इंजिनाच्या, संशोधनातून ते जन्मलं होतं. ऑगस्ट 2002 मध्ये एक्लिप्सचं पहिलं उड्डाण या इंजिनांवर झालं आणि काही महिन्यांतच ती इंजिनं सोडून द्यावी लागली. त्यांच्या जागी प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीडब्ल्यू610एफ आली. ती जास्त जड होती, त्यामुळे पंख, टाक्या, वजन सगळ्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. मान्यता मिळाली सप्टेंबर 2006 मध्ये. तोवर किंमत वाढली होती, आणि पुढे ती मूळ आकड्याच्या दुपटीवर गेली.

मागणीचा दुसरा खांब फ्लोरिडातली डेजेट ही हवाई टॅक्सी कंपनी होती. तिनं शेकड्यांनी विमानं नोंदवली होती. प्रत्यक्षात ती अठ्ठावीस विमानांवर चालली आणि वर्षभराच्या आत, सप्टेंबर 2008 मध्ये बंद झाली. दोन महिन्यांनी एक्लिप्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. एकूण विमानं झाली अडीचशेच्या थोडी वर. तुलनेला सेसनाची मस्टँग घ्या. अनुभवी कंपनी, जगभर सेवाकेंद्रं, 2006 ची मान्यता, आणि 2017 साली उत्पादन थांबलं तेव्हा बनलेली विमानं 479. म्हणजे दशकभरात पाचशेही नाहीत. या संख्येवर कोणतंही जेट स्वस्त होत नाही. पंखाची ताकद, इंजिनात पक्षी जाणं, बर्फ, वीज, सॉफ्टवेअर या सगळ्यांच्या चाचण्या विमान लहान आहे म्हणून लहान होत नाहीत, आणि तो खर्च थोड्याच विमानांवर वाटला जातो. चाचण्यांत कसूर झाली तर काय होतं तेही एक्लिप्सनंच दाखवलं. जून 2008 मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर उतरताना पायलटनं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, जोरात पुढे ढकलला. सॉफ्टवेअरला तो संकेत मर्यादेबाहेरचा वाटला आणि दोन्ही इंजिनं पूर्ण जोरावर अडकली. पायलटनं एक इंजिन बंद करून विमान कसंबसं उतरवलं. कुणाला इजा झाली नाही, ते त्या पायलटचं कौशल्य.

आता रचनेकडे. सगळ्यात मोठी अडचण ही की विमान लहान करता येतं, माणूस लहान करता येत नाही. केबिनची उंची दीड मीटरच्या आतबाहेर ठेवली तरी पंखाच्या मानाने धड फुगीर होतं, आणि तेवढ्या उंचीत तुम्ही उभे राहू शकत नाही. 41,000 फुटांवर आत श्वास घेण्याजोगा दाब ठेवायचा, तर बाहेरच्या विरळ हवेशी होणारा दाबातला फरक चार माणसांच्या केबिनमध्येही मोठ्या जेटइतकाच असतो. हवामानाचं रडार, ऑटोपायलट, दोन-दोन रेडिओ, ऑक्सिजन, बर्फ काढण्याची यंत्रणा यांचं वजनही प्रवाशांच्या संख्येनुसार घटत नाही. ही स्थिर वजनं विमान लहान होईल तशी जास्त जाचतात.

इंजिनाचं दुखणं याहून खोल आहे. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्याचं टोक आणि भोवतालचं आवरण यांत थोडी फट ठेवावीच लागते. धातू तापून फुगतो, शाफ्ट किंचित हलतो, त्यामुळे ही फट एका मर्यादेखाली नेता येत नाही. मोठ्या इंजिनात पात्याच्या उंचीपुढे ती नगण्य असते. लहान इंजिनात पातंच बोटाच्या पेरापेक्षा लहान, मग तीच फट उंचीचा मोठा हिस्सा खाते आणि दाबलेली हवा मागे गळते. म्हणून या वर्गातल्या इंजिनांत शेवटचे टप्पे हवा सरळ मागे ढकलणाऱ्या अक्षीय पात्यांऐवजी ती कडेला फेकणाऱ्या केंद्रोत्सारी चाकाचे असतात. ते दणकट असतं, पण दाबाचं गुणोत्तर मोठ्या इंजिनाइतकं चढत नाही. परिणाम असा की दर किलो थ्रस्टमागे (विमान पुढे ढकलणाऱ्या जोरामागे) लहान टर्बोफॅन जास्त इंधन जाळतो. शिवाय कोणत्याही टर्बोफॅनला किफायतीसाठी उंची लागते. खालच्या हवेत त्याच वेगाला इंधनाचा खप खूप वाढतो. तीनशे किलोमीटरच्या फेरीत निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, म्हणजे जेट जिथे चांगलं तिथे ते पोचतच नाही.

या चौकटीत राहून ज्यांनी खरोखर नवं काही केलं त्यांत होंडाजेटचे रचनाकार मिचिमासा फुजिनो यांचा मला फार आदर वाटतो. लहान जेटची इंजिनं सहसा धडाच्या मागच्या भागाला चिकटवतात. त्यांचा भार पेलणारी चौकट धडातून आरपार जाते आणि केबिनमागची जागा खाते. फुजिनोंनी इंजिनं खांबावर चढवून पंखाच्या वर ठेवली. पंखाच्या वरचा प्रवाह हा विमानाचा जीव असतो, तिथे अडथळा ठेवणं अभियंत्यांच्या शिकवणुकीच्या विरुद्ध होतं. त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात आणि गणितात शोधून अशी जागा काढली की वेग वाढताना पंखावर बनणारी आघातलहर (हवेच्या दाबातली अचानक उडी) उशिरा येते आणि हवेचा रोध उलट घटतो. धड मोकळं झालं, सामानाला जागा मिळाली, 420 नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) वेग मिळाला. पण पहिलं उड्डाण डिसेंबर 2003 चं आणि अमेरिकेची मान्यता डिसेंबर 2015 ची. होंडासारख्या धनाढ्य कंपनीला मध्ये बारा वर्षं लागली, आणि किंमत एक्लिप्सच्या स्वप्नाच्या कितीतरी पट झाली.

सिरसनं उलट वाट धरली. व्हिजन जेटला एकच इंजिन आहे, पाठीवर बसवलेलं, मागे इंग्रजी व्ही आकाराची शेपटी. 2016 ची मान्यता. वेग 300 नॉटच्या आसपास, उंची सुरुवातीला 28,000 फूट आणि पुढच्या आवृत्तीत 31,000. जेट म्हणून हे आकडे माफक आहेत, आणि ते जाणूनबुजून तसे ठेवले आहेत. पूर्ण विमान खाली आणणारं पॅराशूट त्याला आहे. 2020 पासून छतावर एक बटण आहे, जे पायलट बेशुद्ध पडला तर मागच्या माणसानं दाबायचं. मग विमान स्वतः विमानतळ निवडतं, रेडिओवर सांगतं आणि उतरून थांबतं. ही सोय कुणासाठी केली हे उघड आहे: स्वतः उडवणारा मालक आणि त्याच्या शेजारी बसलेलं त्याचं कुटुंब. म्हणूनच पाचशेहून अधिक व्हिजन जेट विकली गेली. त्यांनी ग्राहक नेमका ओळखला.

आता तुमचा हिशेब. माहितीपत्रकात आसनं आणि पल्ला शेजारी शेजारी छापलेले असतात. ते दोन्ही एकाच उड्डाणात मिळत नाहीत. व्हिजन जेटचं कमाल वजन 2,722 किलो. रिकामं विमान सुमारे 1,600 किलो, पूर्ण टाकी सुमारे 900 किलो. उरले 200 किलोच्या आसपास, आणि त्यात पायलटही आला. म्हणजे टाकी भरली की पायलट, एक माणूस आणि बॅगा. फेनॉम 100 मोठं आहे, कमाल वजन 4,750 किलो. एका पायलटसह उड्डाणाला तयार विमान सुमारे 3,200 किलो, पूर्ण टाकी 1,270 च्या आसपास. उरतात तीनशेच्या आत. आता त्यात दुसरा पायलट आणि त्याची बॅग मिळून 90 किलो घाला. राहिले दोन, फार तर अडीच प्रवासी. कमी इंधन घेऊन अहमदाबादला चौघं जातील, यात शंका नाही. पण 1,350 किलोमीटरवरच्या दिल्लीला, डिसेंबरच्या धुक्यात दूरचा पर्यायी विमानतळ धरून, चौघं आणि दोन पायलट हे गणित बसवताना मी पुष्कळ ग्राहकांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत. दुसऱ्या पायलटनं खाल्लेलं हे वजन मोठ्या जेटमध्ये जाणवत नाही. इथे ते उरलेल्या भाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. मालकानं स्वतः उडवायचं ठरवलं की ही अडचण एका फटक्यात निम्मी होते, म्हणून मी सुरुवातीला तो प्रश्न विचारला.

कोल्हापूरचं ऊनही धरा. विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर. एप्रिलच्या दुपारी 38 अंश तापमानात तिथली हवा विमानाला 5,200 फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. पंखाला कमी उचल, इंजिनाला कमी थ्रस्ट, दोन्ही बाजूंनी मार. धावपट्टीची लांबी हा तिथला मुख्य प्रश्न नाही. टेक-ऑफच्या क्षणी एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर विमान ठरलेल्या चढानं चढलं पाहिजे, आणि लहान इंजिनांच्या विमानाला तो चढ राखायला वजन कमी करावं लागतं. मी अशा वेळी पहाटेचं उड्डाण सुचवतो. सहा वाजता निघा, तेच विमान एखादा माणूस जास्त नेतं.

उतरण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि विक्रेते त्यावरून सगळ्यात भरभर पुढे जातात. मस्टँग, फेनॉम 100, होंडाजेट, यांतल्या कुणालाही थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा झोत उलटा वळवून विमान रोखणारी यंत्रणा) नाही. विमान थांबतं ते चाकांच्या ब्रेकवर. एक्लिप्सच्या सुरुवातीच्या विमानांना तर चाक घसरू न देणारी अँटी-स्किड यंत्रणाही नव्हती. कोरड्या धावपट्टीवर मस्टँगला उतरायला सुमारे 725 मीटर लागतात, असं पुस्तक सांगतं. मुंबईच्या जुहू विमानतळाची मुख्य धावपट्टी 1,143 मीटर. कागदावर वाटतं की पुष्कळ जागा आहे. पण व्यावसायिक उड्डाणात जेटनं सर्वसाधारणपणे उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांत थांबता आलं पाहिजे, असा दंडक असतो. 1,143 चे 60 टक्के 686. म्हणजे कोरड्या दिवशीही गणित सुटत नाही, आणि ओल्या धावपट्टीसाठी त्यावर आणखी 15 टक्के धरायचे. खाजगी विमानाला हा दंडक लागू नसेल, पण भौतिकशास्त्र दोघांना सारखंच. आपल्या पावसाळ्यात पाण्याच्या थरावर चाक तरंगतं तेव्हा ब्रेक दाबून फारसं काही होत नाही. टर्बोप्रॉपचा पायलट अशा वेळी पंख्याचा कोन उलटा करतो आणि विमान हवेवरच रोखतो.

आणि बर्फ. 8 डिसेंबर 2014 ला अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला एक फेनॉम 100 धावपट्टीच्या अलीकडे घरांवर कोसळलं. विमानातले तिघं आणि एका घरातली आई व तिची दोन लहान मुलं गेली. चौकशीत दिसलं की ढगांतून येताना पायलटनं पंखांवरची बर्फ काढण्याची यंत्रणा चालूच केली नव्हती. या विमानात ती चालू केली की पंख कुठल्या वेगाला साथ सोडेल याचा इशाराही जास्त वेगाला, म्हणजे लवकर, मिळू लागतो. न केल्यामुळे त्याला इशारा वेळेत मिळालाच नाही. त्याच वेळी, ती चालू केली की उतरण्याचा वेग वाढवावा लागतो आणि धावपट्टी जास्त लागते. गेथर्सबर्गची धावपट्टी 1,280 मीटरची होती. एकटा माणूस, घाईची वेळ, आखूड धावपट्टी. मोठ्या विमानात शेजारचा पायलट यादी वाचून विचारतो, 'चालू केलं का?' एकट्याच्या विमानात तो आवाज नसतो. तुम्ही स्वतः उडवणार असाल तर ही जबाबदारी तुमची आहे. लायसन्स मिळाल्यावरही पहिलं वर्षभर अनुभवी प्रशिक्षकाला सोबत बसवा, आणि दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर जा. महाराष्ट्राच्या आकाशात पंखावर बर्फ कसा बसेल, असं विचारू नका. पावसाळी ढगात वीस हजार फुटांवर तो सहज बसू शकतो.

जिथे ही जेट चार्टरमध्ये नीट चालली, तिथे परिस्थिती वेगळी आहे. ऑस्ट्रियातल्या ग्लोबएअर कंपनीनं मस्टँगचा मोठा ताफा घेऊन युरोपभर टॅक्सीसारखी सेवा दिली. तिथे अंतरं आखूड, हवा थंड, जवळजवळ प्रत्येक गावाला वापरण्याजोगा विमानतळ, आणि प्रवासी सहसा एक-दोन. आपल्याकडे मुंबईला गर्दीच्या तासांत खाजगी विमानांना बंधन, पार्किंगची मारामार, आणि सुट्या भागांची वाट पाहणं. लहान जेटनं वाचवलेली वीस मिनिटं तिथेच खर्ची पडतात.

वीस मिनिटं मी उगीच म्हणत नाही. कोल्हापूर ते अहमदाबाद सरळ रेषेत 730 किलोमीटर. मस्टँगच्या 340 नॉट वेगानं सत्तर मिनिटं. पिलाटस पीसी-12 किंवा बीचक्राफ्ट किंग एअर ही टर्बोप्रॉप 275 नॉट धरली तर शहाऐंशी. दिल्लीला हा फरक अर्ध्या तासाचा होतो. चढण्या-उतरण्यात दोघांचा वेग जवळ येत असल्यानं प्रत्यक्षात तो आणखी कमी भरतो. त्या बदल्यात पीसी-12 मस्टँगपेक्षा तासाला खूपच कमी इंधन पितं, टाकी भरूनही दोन पायलट आणि चौघं प्रवासी नेतं, आणि मागच्या मोठ्या दारातून तुमच्या नमुन्याच्या ओतीव कामाची पेटीही आत जाते. एक इंजिन मनाला पटत नसेल तर किंग एअर आहे. अनेक राज्य सरकारांकडे ती आहेत, त्यामुळे तिची जाण असलेले तंत्रज्ञ आणि पायलट इथे मिळतात. जेट शांत असतं, वरच्या हवेत कमी हलतं, हे खरं आहे आणि थकलेल्या माणसाला ते महत्त्वाचंही वाटतं. पण '41,000 फुटांवरून पावसाळा चुकवू' या आशेवर पैसे घालू नका. आपल्याकडचे मान्सूनचे ढग त्याच्या वर जातात. दोन्ही विमानांना वळसा घालूनच जावं लागतं.

तर आता काय करायचं ते सांगतो. विमान बघायला जाण्याआधी गेल्या वर्षभरातल्या तुमच्या सगळ्या फेऱ्या कागदावर मांडा: कुठून कुठे, कोणत्या महिन्यात, किती वाजता, किती माणसं, किती सामान. मग विक्रेत्याला त्यातल्या सगळ्यात अवघड तीन फेऱ्या द्या. एप्रिलच्या दुपारी कोल्हापूरहून चौघं दिल्लीला. जुलैमध्ये ओल्या धावपट्टीवर परत. जानेवारीत धुक्यामुळे पर्यायी विमानतळ गाठून. प्रत्येकीसाठी दोन पायलट धरून, उड्डाण पुस्तिकेतल्या तक्त्यांवरून किती भार नेता येईल ते लेखी मागा. 'साधारण' असं उत्तर आलं तर ते स्वीकारू नका. कोल्हापूरला रात्री आणि ढगाळ हवेत उतरण्याची कोणती सोय त्या घडीला चालू आहे, हेही विमानतळावरून स्वतः विचारून घ्या, कारण संध्याकाळी घरी परतता आलं नाही तर विमान असून मुक्काम पडतोच.

त्यानंतर सहा महिने टर्बोप्रॉप आणि लहान जेट दोन्ही चार्टरवर घेऊन हीच कामं करून पाहा. खर्च वाटेल, पण विमान घेतल्यावर वर्षाला हँगर, विमा, पायलटांचे पगार आणि तपासण्यांवर जो पैसा जाणार आहे त्यापुढे तो थोडा आहे. आणि घरातल्या पुढच्या पिढीतल्या कुणाला खरोखर उडवायची ओढ असेल, तर त्याला किंवा तिला आधी फ्लाइंग क्लबमध्ये पाठवा. लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता केवळ उपकरणांवरून उडवण्याची परवानगी) आणि पुरेसे तास झाल्यावर व्हिजन जेट किंवा वापरलेली मस्टँग यांचा विषय पुन्हा काढा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.